आत पाच, बाहेर पाच

डोंगरावर जायची हौस मला कधीच नव्हती. डोंगर लांबून चांगला दिसतो, जवळ गेलं की तो डोंगर न राहता नुसता चढ होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. तरीही गेलं वर्षभर मी एका डोंगराच्या फाटकाशी इतका उभा राहिलो की तिथल्या कुत्र्याने माझ्यावर भुंकणं सोडून दिलं. याला कारण आमची नात.

ती तिसरीत आहे. घरात तिला सगळे शंकाबाई म्हणतात. मी जन्मभर लहान मुलांना शिकवलं, त्यामुळे शंका विचारणारं मूल मला आवडतं. पण या मुलीच्या शंकेला उत्तर दिलं की त्या उत्तराला दोन शंका फुटतात. एका सकाळी वर्तमानपत्रातून एक रंगीत पत्रक पडलं. शहराबाहेरच्या डोंगरावर म्हणे पर्वत उद्यान झालं होतं आणि तिथे बाराही महिने आनंद उपलब्ध होता. पत्रकावर डोंगरमाथ्यावरच्या तळ्याचे चार फोटो होते. एकात काठोकाठ पाणी, एकात पिवळी पानं, एकात बर्फ, एकात गवत आणि मधोमध थोडंसं पाणी.

"ही चार तळी आहेत," शंकाबाई म्हणाली.

मी सांगितलं, की तळं एकच, ऋतू चार.

"कशावरून?"

आता, 'कशावरून' हा जगातला सर्वांत चांगला प्रश्न आहे, असं मी वर्गात हजारदा सांगितलेलं. जे दाखवता येतं ते नुसतं सांगू नये, हेही माझंच वाक्य. तेव्हा मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "चारही ऋतूंत वर जाऊन बघू."

स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, की वर म्हणजे नक्की किती वर, ते आधी विचारा. मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कार्याच्या आरंभी असे आवाज येतच असतात.

उद्यानाच्या कार्यालयात गेल्यावर कळलं, की रोजचं तिकीट फक्त खालच्या बागेपुरतं असतं. वरच्या वाटेला वार्षिक पास लागतो, आणि वार्षिक पास फक्त कुटुंबाला मिळतो. कुटुंब म्हणजे कमीत कमी पाच माणसं. मी खिडकीतल्या बाईंना शांतपणे विचारलं, की चार माणसांच्या कुटुंबाला उद्यान काय समजतं. त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही, पण पास मिळत नाही."

मी, ही आणि नात, तीन झाले. मुलाला विचारलं. तो आणि सूनबाई दोघंही आठवडाभर नोकरीत भरडून निघतात. रविवारी त्याला डोंगर काय, गादीची कडाही दिसत नाही, असं तो डोळे न उघडता म्हणाला. मग मी मेव्हण्याला गाठलं. हा हिचा धाकटा भाऊ. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतो आणि आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेला नाही. डोंगरावर उपाहारगृह आहे का, एवढंच त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर तो कुटुंबात सामील झाला.

पाचवा माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळी इमारत पाणीकाका म्हणते. जिथे म्हणून पाणी आहे तिथे गळती आहे, या श्रद्धेवर त्यांचं आयुष्य उभं आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, की हे कुटुंबात कसे. कुटुंब म्हणजे नातेवाईक किंवा एका छपराखाली राहणारी माणसं, असं नियमात होतं. मी नियम पुन्हा वाचायला लागलो. पाणीकाका मात्र पुढे होऊन म्हणाले, "छप्पर एकच आहे, बाई. गच्चीवर गळतं ते आधी यांच्याकडे येतं, मग यांच्याकडून माझ्याकडे. याहून जवळचं नातं काय दाखवू?"

बाईंना ते पटलं. आमचा पाचजणांचा एकत्र फोटो काढला गेला. त्यात मी करारी दिसतो, मेव्हणा जांभई देतोय आणि पाणीकाका छताकडे बघताहेत. पास हातात देताना बाईंनी एक नियम वाचून दाखवला: पासावरच्या सर्वांनी एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं. नियम ऐकायला इतका सात्त्विक वाटला की मी मान डोलावली. कुटुंबाने एकत्र जावं, एकत्र यावं, यात वाईट ते काय?

आम्ही पहिल्यांदा निघालो ते पावसाळ्यात, अर्थातच पूर्ण तयारीनिशी. इमारतीतल्या लोकांनी ही तयारी माझ्यावर सोडली नाही. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला पट्टे बांधायला सांगितलं. समोरच्या शिंप्याने पट्ट्यांनी रक्ताचं वाहणं अडतं असं सांगितलं. मी एका गुडघ्याला बांधला आणि एक मोकळा ठेवला, त्यामुळे दोघंही माझ्यावर नाराज झाले.

फाटकावर एक साहेब बसले होते. अत्यंत सभ्य माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, नियम कधी उतरवायचे नाहीत. ते पेनाच्या टोकाने आमची नाकं मोजायचे आणि पाच झाली की शिक्का मारायचे. त्या दिवशी नाकं मोजून आम्ही आत गेलो, आणि शंभरेक पावलांवर मला पहिली पाटी दिसली. तीवर मातीची धूप कशी होते हे लिहिलं होतं, आणि फारच त्रोटक लिहिलं होतं. मूल समोर, माती समोर, वरून पाऊस. असा धडा वर्गात मिळत नाही. मी छत्री मेव्हण्याच्या हातात देऊन समजावायला सुरुवात केली. पुढे दगडांची पाटी आली, मग शेवाळाची, मग मुळांची. नात प्रश्न विचारत होती, मी उत्तरं देत होतो, आणि वाट आपल्या जागी होती.

लहान पुलाशी पोचलो तेव्हा मेव्हण्याने भूक जाहीर केली. उपाहारगृह खाली, फाटकाजवळ. एवढ्यात पाणीकाकांना पुलाखाली गळती सापडली. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की आम्हाला थांबवेना. ते तक्रार नोंदवायला खाली उतरले, अधिकारी जेवायला गेले होते म्हणून तिथेच बसले, आणि बाहेर पडायचं तर पाचही नाकं लागणार होती. तेव्हा आम्हीही बसलो. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी सांगितलं, की ती गळती नसून तो झरा आहे. पाणीकाकांनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही.

"तळं राहिलं," परतताना नात म्हणाली.

मी म्हणालो, पुढच्या ऋतूत.

पुढच्या ऋतूत पानं पिवळी झाली होती आणि उद्यानात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. मी पानांच्या पाटीशी थांबून पान पिवळं का होतं ते सांगत होतो. पानातला हिरवा रंग कुठे जातो, हा प्रश्न नातीने विचारला होता, आणि तो दोन मिनिटांत संपण्यासारखा नाही. तेवढ्यात कंटाळलेल्या मेव्हण्याने एक सायकल घेतली. त्याने ती चढावर नेली असती तर मी त्याचं कौतुक केलं असतं. पण सायकल आणि मेव्हणा या दोघांचा स्वभाव उताराचा. तो आमच्या शेजारून हात हलवत गेला, वळणावरून गेला, आणि ब्रेक ही गोष्ट त्याला आठवली तोवर उघड्या फाटकातून बाहेर जाऊन पडला. लागलं काही नाही. बाहेर गवत होतं.

पण तो बाहेर होता आणि आम्ही चौघं आत. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी मला समजावलं, की चौघांना बाहेर सोडता येत नाही, कारण पाच हवेत. मेव्हण्याला आत घेता येत नाही, कारण तो एकटा आहे आणि आत यायलाही पाच हवेत. मी विचारलं, मग आम्ही काय करायचं. ते म्हणाले, "तुम्ही आधी शांत व्हा." मी शांतच होतो. शांत माणसाला शांत व्हा म्हटलं की जे होतं ते मला तेव्हा झालं.

फाटकाच्या दोन्ही बाजूंनी कुटुंब उभं. ही आतून भावाला लहानपणापासूनच्या चुका सांगत होती, तो बाहेरून कपडे झाडत होता. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एका बाईने तर आपल्या मुलाला हळूच सांगितलं, की त्या आजोबांनी काहीतरी चोरलंय. ज्या माणसाने आयुष्यभर खडूचा तुकडासुद्धा घरी आणला नाही त्याच्या वाट्याला हे यावं.

शेवटी साहेबांनी वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठांनी बराच विचार करून तोडगा दिला: आम्ही चौघांनी साहेबांच्या देखरेखीखाली एक पाऊल बाहेर टाकायचं, मग पाचांनी मिळून आत यायचं, आणि मग पाचांनी मिळून बाहेर पडायचं. हे आम्ही शिस्तीत केलं. नातीला ते इतकं आवडलं की पुन्हा करू म्हणाली. शिक्के मारून होईपर्यंत ऊन कललं होतं.

बर्फ पडायला लागल्यावर मी निश्चय केला, की या वेळी तळं गाठायचंच. हिने लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या, सगळ्यांच्या एकाच रंगाच्या, त्यामुळे फाटकावर आम्हाला मोजणं सोपं गेलं. त्या दिवशी मेव्हणा वेळेच्या आधी आला होता. दुकानातली सगळी घड्याळं पुढे गेली होती म्हणे. पाणीकाका गोठलेल्या पाण्यावर खूश होते, कारण ते गळत नव्हतं. सगळं जुळून आलं होतं. फक्त वाटेवर बर्फात प्राण्यांच्या पावलांचे ठसे होते.

आता कोणता शिक्षक ठशांवरून पुढे जाईल? मी नातीला खाली वाकायला लावलं. हा ससा, हा पक्षी, हा उद्यानाचा झाडूवाला. पुढचे पाय कुठे, मागचे कुठे, घाईत पळाला की सावकाश गेला. ती इतकी रमली की मलाही वेळेचं भान राहिलं नाही. मोठ्या वळणाशी पोचलो तेव्हा वाटेवर दोरी बांधली होती. बर्फाच्या दिवसांत दुपारनंतर वर जाऊ देत नाहीत. दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं, की वळण पार केलं की तळं दिसतंच. तासाभरापूर्वी आला असतात तर गेला असतात.

नात दोरीला धरून वर बघत राहिली.  खाली उतरताना मग तिने माझं बोट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "आजोबा, तळं खरंच आहे ना?"

वर्गात कुणी मला असं विचारलं असतं तर मी हसलो असतो.

त्याच आठवड्यात मुलाच्या बदलीचा हुकूम आला. दूरच्या शहरात, रेल्वेने रात्र काढून जायचं. शाळेचं वर्ष संपलं की तिघंही जाणार.  मुलगा कपाटं मोजायला लागला, सूनबाई खोकी जमवायला लागल्या. नातीने नव्या शहराबद्दल विचारायचं ते सगळं विचारून घेतलं आणि मग मला म्हणाली, की म्हणजे आता एकच ऋतू राहिला. हिशेब बरोबर होता. आमचा पासही त्याच सुमारास संपत होता.

तेव्हा उन्हाळ्यातला तो शेवटचा रविवार किती महत्त्वाचा होता हे सांगायला नको. मी आदल्या दिवशी सगळ्यांच्या घरी जाऊन बजावलं. हिने डबे घेतले, म्हणजे उपाहारगृहाचं कारण उरू नये. पाणीकाकांकडून मी शब्द घेतला, की ते पुलावरून जाताना डोळे मिटतील. आणि सकाळी आम्ही चौघं फाटकावर हजर झालो तर मेव्हणा नाही.

तो वेळेवर आला होता. फक्त खालच्या वाहनतळाच्या फाटकावर आला होता, आणि फोन दुकानात विसरला होता. तो वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला उन्हात बाकावर पाठमोरा बसलेला मला दिसला. मी हाक मारली. मधे सगळ्या मोटारी, त्यांचे भोंगे, सहलीला आलेली एक अख्खी शाळा. मी पुन्हा हाक मारली. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज एकेकाळी प्रसिद्ध होता. तो मी त्या दिवशी उरलासुरला सगळा काढला. घसा आधीच दोन दिवस खवखवत होता. मेव्हण्याने मान वळवली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी होतं, आणि त्यानंतर तेही बंद झालं.

साहेबांनी नाकं मोजली. पाच. आम्ही आत गेलो.

पहिली पाटी आली. मी थांबलो, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. नातीने क्षणभर वाट पाहिली, मग म्हणाली, "माती ना? झालीय आपली," आणि पुढे चालू लागली. दगड आले, मुळं आली. एका झाडावर एक फार शिकवण्यासारखा बुरशीचा थर होता. मी हातवारे करून बघितले. मेव्हण्याला वाटलं मला पाणी हवंय, त्याने बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो आणि चालू लागलो.

पूल गेला. पाणीकाका डोळे मिटून गेले, हिने त्यांचा हात धरला होता. मोठं वळण दिसू लागलं तेव्हा सकाळ अजून पुरती सरलीही नव्हती. आणि तिथे, धाप लागलेली असताना, कुणी विचारलेलं नसताना, आमची ही पाणीकाकांना म्हणाली, "बघा हो, वर्षभर आपण माझ्या भावाला उगीच नावं ठेवत होतो."

पाणीकाका म्हणाले, मलाही ते मघापासून जाणवतंय, पण बोलायचं कसं. मेव्हणा माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. मेव्हण्याची सहानुभूती हा प्रकार किती कठीण असतो, ते ज्यांना मेव्हणा आहे त्यांनाच कळेल. मला यावर पुष्कळ बोलायचं होतं. मातीच्या धुपेशिवाय डोंगर म्हणजे काय, पावलांच्या ठशांशिवाय बर्फ म्हणजे काय. पण घशातून नुसती हवा येत होती.

वळण पार केलं आणि तळं होतं.

फार मोठं नव्हतं. काठाला वाळकं गवत, मग भेगाळलेली माती, आणि मधोमध पाणी, त्यात ढगाचा एक तुकडा. वारा आला की तो तुकडा मोडायचा आणि पुन्हा जुळायचा. आम्ही पाचही जण काठावर बसलो. हिने पाय पसरले. पाणीकाका पाण्याकडे बराच वेळ बघत होते. पण पाणी कुठे जातं, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही.

नात उतरत्या काठावर थोडी खाली गेली. सुकलेल्या मातीवर एकाखाली एक अशा रेषा उमटल्या होत्या, पाणी हळूहळू खाली उतरत गेल्याच्या. तिने सगळ्यांत वरच्या रेषेवर हात ठेवला आणि वळून बघितलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. मी उत्तर देऊ शकत नव्हतो हे तिलाही माहीत होतं. ती पुन्हा रेषांकडे वळली. बोटाने एकेक उतरत पाण्यापर्यंत आली, तिथे थांबली, आणि मग तिथूनच ओरडली, "पाणी त्या वरच्या रेषेपर्यंत होतं, आजोबा. हेच ते भरलेलं तळं."

मी फक्त मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्या रेषा तोवर दिसल्याच नव्हत्या.

उतरताना तिने प्रत्येक पाटीशी आम्हाला थांबवलं. मेव्हण्याला पान पिवळं का होतं ते सांगितलं, पाणीकाकांना झरा आणि गळती यांतला फरक सांगितला. पाणीकाकांनी तो ऐकून घेतला, हे विशेष. मधूनच ती "लक्ष इकडे" म्हणायची. कुणाची नक्कल चाललीय ते सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी भुकेचा विषयही काढला नाही. फाटकावर आम्ही पोचलो तेव्हा साहेब दिवसाचं काम आवरून शिक्का पुसत होते.

त्यांनी नाकं मोजली, पास उलटून बघितला आणि सांगितलं, की मुदत संपतेय, नवा करायचा का. ही हळू आवाजात म्हणाली, की आता आम्ही चौघंच उरणार, नात जातेय. साहेब म्हणाले, मुलीचं नाव काढून दुसरं कुणी घालता येईल. पाणीकाकांनी तिथल्या तिथे आपली बहीण सुचवली. तिचे गुडघे उत्तम आहेत आणि ती गप्प बसते, असंही ते म्हणाले. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

नात साहेबांच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी होती.

"माझं नाव ठेवलं तर काय होईल?"

"तर तू आल्याशिवाय यांना आत जाता येणार नाही," साहेब म्हणाले. "नियम आहे."

"एकदा पण नाही?"

"एकदाही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग ठेवा. आमचे तीन ऋतू राहिलेत. मला प्रत्येक ऋतूत सुट्टी असते."

पाणीकाका पुढे सरकले. त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं, की नीट विचार करा, म्हणजे एरवी वर्षभर हा पास आपल्याला बिनकामाचा, फाटकाच्या आत पाऊलसुद्धा टाकता येणार नाही. मेव्हणाही म्हणाला, की भावजी, त्यांचं बरोबर आहे. वर्षभर ज्या नियमाला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोललो होतो तो साहेबांच्या मागे भिंतीवर चौकटीत लावलेला होता. मी तो पुन्हा एकदा वाचला. फार विचारपूर्वक केलेला नियम होता.

मी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं आणि पाचही नावांखाली सही केली.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, की मी काय कारण देतो. मी घशाकडे बोट दाखवलं. माणसाचा घसा अधूनमधून बसलेला असावा. पुष्कळ सोय होते.